यमुनावयनी आणि चपलांची रांग

यमुनावयनी दवाखान्याच्या फाटकातून आत शिरली की आधी कुलूप बघायची. माणसं मागाहून. डॉक्टरच्या खोलीला पितळी कुलूप होतं. ते बंद लोंबत असलं तर शिपाई अजून आलेला नाय. उघडं, नुसतं कडीला अडकवलेलं असलं तर आत झाडू फिरतोय. आणि उंबरा झाडलेला, पण कुलूप परत लावलेलं असलं, तर वयनी पिशवी खाली न ठेवता म्हणायची, "आज नाय येत गो तो. चला, परतीची गाडी तरी गावंल." तिचा अंदाज कधी चुकला नाय. एकदा तो चुकायला पायजे होता, असं मला फार वाटलं. ते पुढं लिहितो.

माझं शिक्षण चौथी. शेती केली, खडीच्या खाणीवर राबलो, लिहायची सवय नाय. टोकावड्याच्या पुढं, मेन रोडपासून आत आमचं गाव. माझी बायको इंदू जाऊन तीन वर्षं होतील. वयनी जाऊन आठ महिने. दोघी मला आठवतात त्या दवाखान्याच्या ओसरीवरच. घरात नाय, खळ्यावर नाय. इंदूनं चाळीस वर्षं माझ्या चुलीशी काढली, पण डोळे मिटले की ती मला त्या ओसरीवर भिंतीला टेकून बसलेलीच दिसते, आणि बाजूला वयनी. त्याला मी काय करू.

वयनी आमची शेजारीण. मधी फक्त तुळस आणि कपडे वाळत घालायची तार. तिचा नवरा दामूदादा माझ्याहून मोठा, म्हणून ती वयनी. दादाच्या छातीत दुखायला लागलं तेव्हा वयनी त्याला मुरबाडला घेऊन गेली होती. तीन तास बसून दादा उठला. "लावणी खोळंबलीय, मी काय इथं माश्या मारत बसू?" असं म्हणून सरळ स्टँडवर आला. वयनी मागनं पळत. महिन्याच्या आत दादा गेला. ती त्यावर कधी बोलली नाय. पण त्यानंतर गावातलं कुणीबी दवाखान्यात निघालं की वयनी पिशवी भरून स्टँडवर हजर. नात्याचं असो, नसो. भांडण असलं तरी.

आणि रांगेतनं कुणी वैतागून उठायला लागलं की ती काय बोलायची नाय, नुसता हात करायची. पंजा खाली, दोनदा. शिजलेल्या भाताच्या टोपावर झाकण दाबावं तसा. बसा. गावात पोरं तिची नक्कल करायची. पण ओसरीवर तो हात दिसला की मोठमोठे बाप्ये खाली बसलेले मी बघितलेत.

दवाखान्याचं नाव लिहीत नाय. मुरबाडात एक धर्मादाय दवाखाना होता एवढं पुरे. रोजचे डॉक्टर निराळे. पण पोटाचा, गळ्याचा, गाठींचा मोठा डॉक्टर ठाण्याहून यायचा तो फक्त गुरवारी. सगळी मरमर त्या गुरवारची. सहाच्या एस्टीनं निघायचं. सातला ओसरीवर. नवाला केसपेपरची खिडकी उघडणार. अकराला डॉक्टर, कधी बारालाही. आणि नंबर लागला तर आत तीन मिनटं. नाय लागला तर पुढचा गुरवार. मला त्याचा भयंकर राग यायचा. खिडकीवर जाऊन मी दोनदा शिव्या घातल्यात. पण खरं सांगतो, त्या रागाच्या खाली भीतीच होती. डॉक्टरच्या दाराला हिरवा पडदा होता. तो हलला की मी दुसरीकडं बघायचो.

तर रांग. खिडकी उघडायच्या आधी नंबर कसा धरायचा? पेशंट कुठं उभं राहणार चार चार तास? म्हणून चपला. दारापासून ओसरीच्या कडेनं चपलांचे जोड लावायचे, आणि माणसानं भिंतीला टेकून बसायचं. चप्पल पुढं सरकली की आपण पुढं सरकलो. खिडकीवरचा माणूससुद्धा त्याच चपलांकडं बघून पेपर द्यायचा. हे वयनीनं काढलं असं मी म्हणत नाय, तिच्या आधीपासून असंल. पण राखलं तिनं. "चप्पल हलली की माणूस गेला," हा तिचा कायदा. लघवीला जायचं तर सांगून जा, चप्पल राहू दे. चप्पल उचललीस तर शेवटी लाग.

एकदा डोंगरावरच्या वाडीतला एक म्हातारा आला, अनवाणी. रांगेकडं बघत उभाच. वयनीनं विचारलं, "काय रे आजा, नंबर लाव की." तो म्हणाला, "काय लावू? माझ्या पायात कधी काय नव्हतंच." वयनीनं आपल्या पायातला जोड काढून त्याच्या जागी लावला आणि स्वतः दिवसभर तापल्या लादीवर अनवाणी फिरली. पुढच्या गुरवारपासून तिच्या पिशवीत एक जुना जोड कायम असायचा. नाचणीची भाकर, सुकटीची चटणी, पाण्याची बाटली, बसायला गोणपाटाचा तुकडा, कुणाला ओकारी आली तर दुधाच्या रिकाम्या पिशव्या, आणि तो जोड. "बिनचपलेचा माणूस आजारी पडत नाय का?" असं म्हणायची.

एकदा कुणा पुढाऱ्याचा माणूस बुलेटवरनं आला. पांढरे कपडे, काळे बूट. सरळ पडद्याकडं चालला. वयनी गोणपाटावरनं म्हणाली, "या दादा. बूट काढा, लावा रांगेत."

"मला ओळखत नाय का मावशी?"

"ओळखते की. पन तुमचं बूट नाय ना ओळखत इथं कुणी. बुटालापन नंबर मिळतो, लाजू नका."

कुणीतरी फसकन हसलं. मग सगळी ओसरी. तो लाल झाला. बरं, त्याच्या हातात पण तपासणीच्या फोटोचं पाकीट होतं, आईचं का कुणाचं. शेवटी त्यानं बूट काढले. मोज्याला अंगठ्यापाशी भोक. वयनीनं ते बघितलं आणि पिशवीतली भाकर मोडून त्याला दिली. दुपारपर्यंत तो तिच्या बाजूला बसून आईच्या दुखण्याचं सांगत होता. आवाज अगदी बारीक झालेला.

पण तिची मोठी गोष्ट गाडीची. एका गुरवारी डॉक्टर एक वाजता उठला, बॅग घेतली आणि निघाला. रांगेत अकरा जोड बाकी. माणसं नेहमीसारखी उठायला लागली. वयनीनं पंजा दाबला, बसा. आणि स्वतः उठून एकेक जोड उचलून डॉक्टरच्या गाडीमागं नेऊन ठेवला. आहे त्याच क्रमानं, सरळ ओळीत. डॉक्टर गाडीत बसला, मागं वळून बघतो तर चपला. उतरला.

"हे काय आहे?"

"रांग हाय, डॉक्टर."

"रांग इथं?"

"तुमी जाल तिकडं रांग येनार. आमी तरी कुठं जानार?"

त्या ओळीत एक लहान पोरीचा जोड होता, लाल, आवाज करणारा. डॉक्टर त्याच्याकडं बघत राहिला. मग किल्ली खिशात टाकली आणि परत आत गेला. अकराच्या अकरा तपासले. तीन वाजले. जाताना म्हणाला, "आजी, तुमच्यामुळे आज मी उपाशी." वयनीनं भाकर पुढं केली. "सुकट चालते का?" त्यानं घेतली. खाल्ली का नाय ते देव जाणे. पण पुढच्या गुरवारपासून तो गाडी फाटकाबाहेर रस्त्याच्या पलीकडं लावायला लागला.

मग आमची पाळी आली.

इंदूचं पोट फुगायला लागलं. आधी वाटलं वायू. मग ती दोन घास खाऊन ताट सरकवायला लागली. कल्याणला जाऊन पोटाचा फोटो काढला. पाकीट मिळालं, वरती चिकटवलेलं, आत इंग्रजी. एस्टीत एक शिकलेला पोरगा बाजूला बसला होता, त्याच्याकडनं वाचून घ्यावं असं मनात आलं. हात पाकिटावर गेला आणि मागं आला. इंदूनं ते पदराखाली धरलं. घरी तांदळाच्या कणगीवर ठेवलं. चार दिवस आमी दोघं त्या कणगीकडं बघायचं टाळत होतो. भात काढताना ती तोंड फिरवून हात घालायची.

गुरवारी आमची चप्पल सातवी. इंदूची निळी, पट्ट्याला पिन लावलेली. वयनी मधी, इंदू तिच्या खांद्यावर डोकं टेकून पेंगत होती. पाच जण होऊन गेले. सहावी एक बाई होती, नवऱ्याबरोबर. चांगली धडधाकट दिसत होती. बारीपाड्याकडची काकडी किती कडू निघाली यंदा, असलं काय काय वयनीशी बोलून आत गेली. बाहेर आली तेव्हा चालता चालता पायरीवर बसली. बसली म्हणजे पाय गेले. नवरा भिंतीला हात लावून उभा. तिच्या हातात आमच्यासारखंच पाकीट.

आता आमचा नंबर.

मी उठलो. म्हणजे माझे पाय उठले. पाणी आणतो असं पुटपुटलो. ओसरीच्या कडेनं गेलो, वाकलो, आणि इंदूची निळी चप्पल उचलून मागं नेली. चार जोड सोडून ठेवली. मागच्या माणसाला म्हणालो, "तुमी जा पुढं, आमचं मागाहून." तो खूष. का केलं ते त्या वेळेला मला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. एक तास. एक तास तरी पाकीट बंद राहील, एवढंच. जन्मभर मी त्या रांगेला शिव्या दिल्या, आणि त्या दिवशी रांग संपली तर मरेन असं वाटलं.

मान वर केली तर वयनी माझ्याकडं बघत होती. मग चपलेकडं. मग परत माझ्याकडं. इंदू झोपलेली. वयनीनं तिचा पदर नीट केला.

साडेबाराला डॉक्टरला ठाण्याहून फोन आला. तातडीचं ऑपरेशन. तो पळतच गेला. आमच्या पुढं एक जोड बाकी होता. गाडी रस्त्याच्या पलीकडं, वयनी उठेपर्यंत धुरळा.

पुढच्या गुरवारी फाटकातून शिरताना वयनीनं कुलूप बघितलं. झाडू मारून परत लावलेलं. मी मनात म्हणत होतो, चूक, एकदा चूक. तिनं पिशवी खाली ठेवली नाय. "आज नाय येत," म्हणाली. "गो" म्हणाली नाय.

तिसऱ्या गुरवारी डॉक्टरनं पाकीट फोडलं. कागद वाचला, परत वाचला. "तारीख बघा यावर. इतके दिवस कुठं होतात?"

इंदू म्हणाली, "नंबर लागला नाय, डॉक्टर."

मी तिथंच उभा होतो.

भातं कापायच्या आधी इंदू गेली. त्या दोन आठवड्यांनी काय फरक पडला असता ते मला कुणी सांगितलं नाय आणि मी विचारलं नाय. विचारायचीच भीती. बाराव्याची माणसं गेल्यावर वयनी भांडी घासत होती. मी मागच्या दारात गेलो.

"वयनी, तुमी बघितलात ना त्या दिवशी?"

तिचा हात थांबला. "बघितलं."

"मग का नाय बोललात?"

राखेचा हात तसाच ठेवून ती म्हणाली, "त्या बाईला पायरीवर बसलेली मीपन बघितली, भावजी. माझ्या खांद्यावर इंदूचं डोकं होतं. म्हटलं, झोपू दे जरा. जाऊन चप्पल परत लावायची तर चार पावलं होती. नाय उठली मी." मग परत घासायला लागली. त्यावर आमी दोघं पुन्हा कधी बोललो नाय. गावातल्या माणसांना घेऊन तिचं जाणं मात्र थांबलं नाय.

गेल्या वर्षीच्या लावणीनंतर वयनीचा आवाज बसला. आधी वाटलं सर्दी. तारेपलीकडनं ती हाका मारायची थांबली, थाळी वाजवून बोलवायला लागली. भाकर सोडून पेजेवर आली. रात्री श्वासाचा आवाज माझ्या घरात ऐकू यायचा. मी म्हटलं, दवाखान्यात चला. "लोकांचं होऊ दे आधी," म्हणाली. तिसऱ्यांदा म्हणाली तेव्हा मी खर्डीला तिच्या लेकीला, मंदाला, फोन केला. "गुरवारी आईला मुरबाडला नेतोय, तू परस्पर ये."

सहाच्या एस्टीत वयनी खिडकीशी बसली. या वेळी पिशवी माझ्याकडं. भाकर मीच भाजलेली, कडेनं करपलेली. फाटकातून शिरताना तिनं कुलूप बघितलं नाय. ते मला तेव्हाच खटकलं. मी बघितलं. उघडं होतं, कडीला अडकवलेलं.

चप्पल तिसरी लागली. डॉक्टर अकराला आला. पहिला आत गेला, बाहेर आला. दुसरा गेला. मी नळावर बाटली भरायला गेलो आणि परत आलो. तिसऱ्या जागी दुसऱ्याच कुणाच्या चपला. वयनीच्या आठव्या.

ती बाहेरच्या कडुलिंबाकडं बघत बसली होती.

"वयनी, चप्पल मागं कशी?"

"त्या पोरीला लवकर जायचंय." आवाज म्हणजे नुसती हवा. "तिचं बाळ रडतंय."

बाळ झोपलं होतं.

या बाईला मी तीस वर्षांत खोटं बोलताना ऐकलं नव्हतं. मी वाकलो, तिच्या चपला उचलल्या आणि पुढं निघालो.

"ओ काका! मधी कुठं घुसवताय?"

"तिसरी हाय ही. विचारा कुणालाबी."

"चप्पल हलली की माणूस गेला, कायदा हाय इथला!" मागनं एकजण म्हणाला. त्याला ठाऊक पण नसंल कायदा कुणाचा ते.

बाळवाली पोरगी म्हणाली, "आजी पुढंच होती ओ. तिनंच माझी पुढं केली. मला काय घाई नाय." आणि आपला जोड मागं सरकवला.

मी चपला दारापाशी लावल्या. वयनी माझ्याकडं बघून मान हलवत होती, नको नको. "पुढच्या गुरवारी बघू, भावजी."

पडदा हलला. दुसरा बाहेर आला. आतून हाक आली, "यमुना दामू."

ती उठेना. सगळ्यांना बसवणारी बाई, आपलं नाव ऐकून भिंतीला चिकटली. मी तिच्यापुढं उभा राहिलो. म्हटलं, "उठा."

"भ्या वाटतं ओ."

"मलापन वाटतं. उठा."

मी दंडाला धरलं. ती उठली. चार पावलं होती. पडद्यापाशी मी हात सोडला. अनवाणी आत गेली, टाचांच्या भेगा तेवढ्या पडद्याखालनं दिसल्या, मग त्यापण नाय.

तीन मिनटं झाली. पाच झाली. मंदा धापा टाकत आली, तिलापण आत घेतलं. वीस मिनटांनी डॉक्टर स्वतः बाहेर आला. तो असा बाहेर आलेला मी कधी बघितला नव्हता. गळ्यातली गाठ श्वासनळी दाबतेय म्हणाला. आजच ठाण्याला, आत्ता. मागच्या फाटकाला गाडी लावलीय. पुढच्या गुरवारपर्यंत थांबला असतात तर घरीच गुदमरल्या असत्या, असं तो मंदाला म्हणाला. मी ऐकलं.

त्यानंतर वयनी चार महिने होती. गळ्याला भोक पाडून नळी घातली, लेकीकडं खर्डीला राहिली. पेज प्यायची, नातवाच्या पाटीवर लिहून सांगायची. मंदा फोनवर म्हणायची, "काका, आई तुमची वाट बघते." मी गेलो नाय. गाडी होती, वेळ होता, पास होता म्हाताऱ्यांचा. नाय गेलो. ती नळी बघायची मला भीती वाटली. हे लिहायला पायजे म्हणून लिहिलं.

म्हणून माझ्याजवळ तिचं शेवटचं आहे ते त्या गुरवारचंच. ती मागच्या दारानं गेली, आणि चपला पुढच्या दारात राहिल्या. मला ते उशिरा सुचलं. मी जोड उचलला आणि दवाखान्याला वळसा घालून पळालो, या वयात जेवढं पळता येतं तेवढं. गाडीचं दार लागलं होतं. बरोबर एकालाच घेत होते, म्हणून मंदा बसलेली. मी चपला वर करून दाखवल्या, ओरडलो. ड्रायव्हरला ऐकू गेलं नाय.

मागच्या काचेतनं वयनी दिसली. टेकून बसवलेली, तोंडावर हवेची वाटी. तिनं मला बघितलं. हात वर आला. पंजा खाली, एकदा. परत एकदा.

गाडी फाटकाबाहेर वळली. मी तिच्या चपला मांडीवर घेऊन पायरीवर बसलो.